म्हाताऱ्या बैलाला हार्मोनचं इंजेक्शन द्यावं का?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. जनावरांची जाण असणाऱ्यांनी कृपया वेळ काढून उत्तर द्यावं.

आमच्याकडं देवणी जातीचा बैल आहे, त्यातला वानेरा प्रकार. अंग पांढरंशुभ्र, तोंड काळं. नावही वानेऱ्याच पडलं. वय सोळाच्या आसपास. त्याचा जोडीदार गेला तेव्हापासून औत बंद झालं, आता पाळी-पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरनं होते. तेव्हापासून वानेऱ्या रानातल्या आखाड्यावर नुसता बसून राहायलाय. उठताना मागचे पाय थरथरतात, अर्ध्यावर उठून परत बसतो, मग दुसऱ्या झटक्यात उभा राहतो. कडबा तोंडात घोळवतो आणि निम्मा टाकून देतो. पुठ्ठ्यावरचं मांस उतरलंय, माकडहाडाची दोन्ही टोकं वर आलीत.

अण्णांचा त्याच्यावर फार जीव आहे. आमच्या बहिणींची लग्नं याच जोडीच्या कष्टावर झाली असं ते पाव्हण्यारावळ्यांत सांगतात, आणि ते खरंच आहे. तालुक्याच्या गावी एका दुकानदारानं त्यांना सांगितलं, “हार्मोनचं इंजेक्शन मारा, बैल तरणा होतोय.” एका पाव्हण्याच्या बैलाला दिलं होतं म्हणे, दोन दिवसांत बैल दावणीला ओढ घ्यायला लागला. अण्णा रोज म्हणायलेत, जा आणि घेऊन ये. मी थांबवून धरलंय, कारण बाटलीत काय आहे ते दुकानदार कागदावर लिहून द्यायला तयार नाही.

विचारायचं हे, की वयामुळं जनावराच्या अंगातले हार्मोन कमी होतात आणि ते बाहेरून दिले तर त्याची हालचाल परत येते, हे कितपत खरं आहे? बैलापुरतंच नको, कुठल्याही जनावराबद्दल माहिती असेल तर सांगा.

बालाघाट

दादा, आधी बैल अजून सांभाळताय त्याबद्दल तुम्हाला आणि अण्णांना रामराम.

मी धारूरकडचा. आमच्याकडं ऊसतोडीला जाणारी जोडी दहा-बारा वर्षांतच थकते. पुढचं कुणी विचारत नाही. २०१५ पासून राज्यात बैलाची कत्तल बंद आहे, ती असावी की नसावी या वादात मला पडायचं नाही, पण म्हातारं जनावर दारात ठेवायचा खर्च पूर्णपणे शेतकऱ्यावर आहे हे खरं. दुष्काळात कडब्याची पेंढी विकत घेऊन म्हाताऱ्या बैलाला घालणारा माणूस काय सोसतो ते त्याचं त्यालाच ठाऊक. म्हणून इंजेक्शनवर विश्वास बसतो. शंभर-दोनशे रुपयांत बैल कामाला लागंल असं कुणी म्हटलं तर माणूस कान देणारच.

आमच्या गावातही हे इंजेक्शन चालतं. दोन-चार दिवस बैल ताजा दिसतो हे मीही बघितलंय. पण पुढं पावसाळ्यात तोच बैल आधी आजारी पडतो. का ते डॉक्टर लोकांनी सांगावं.

गोठाडॉक्टर

मांजराकाठ, बालाघाट, दोघांनाही उत्तर देतो. जरा लांबेल. मराठवाड्यातच नोकरी केली आहे आणि या एका विषयावर गोठ्यागोठ्यांत बोलून झालंय, तरी पुन्हा बोलायला हवं.

आधी “दोन दिवसांत ओढ घ्यायला लागला” हे वाक्य घेऊ. दोन दिवसांत मांस वाढत नाही. कुठल्याच हार्मोननं वाढत नाही. इतक्या लवकर फरक दिसतो तेव्हा माझ्या मनात पहिलं नाव येतं डेक्सामेथासोनचं. हे स्टेरॉइड आहे, पण ताकद वाढवणाऱ्या गटातलं नव्हे. ते सूज उतरवतं, दुखणं दबतं, भूक लागते, जनावर तरतरीत दिसतं. आणि त्याच वेळी आतून स्नायूंमधलं प्रथिन मोडायला लागतं. म्हणजे ज्या पुठ्ठ्याचं मांस उतरलंय म्हणून तुम्ही इंजेक्शन आणायला निघालात, तेच मांस आणखी उतरणार. शिवाय रोगाशी लढायची ताकद खाली येते. अंगात गोचीडताप दबून बसलेला असेल तर तो उसळतो. बालाघाट, तुमच्या गावातला बैल पावसाळ्यात का आजारी पडतो याचं बहुतेक उत्तर इथं आहे.

डेक्सामेथासोन वाईट औषध नाही. ॲलर्जीचा झटका, गायीचा किटोसिस (व्याल्यावर रक्तातली साखर उतरण्याचा आजार), अशा ठिकाणी मी स्वतः वापरतो. पण ते मोजून, कारणासाठी, आणि गाभण जनावराला शेवटच्या महिन्यांत चुकूनही नाही, कारण गर्भ पडतो. फार दिवस दिलं आणि एकदम बंद केलं तरी धोका असतो. बाहेरून मिळतंय म्हटल्यावर शरीराची स्वतःची ग्रंथी काम थांबवते.

दुसरी शक्यता नँड्रोलोनसारख्या औषधाची. हे खरंच स्नायू वाढवणाऱ्या गटातलं. आता बैलाचा विचार करा. वानेऱ्याला लहानपणीच चिमटा लावून खच्ची केलेलं असणार. म्हणजे नराचा मुख्य हार्मोन, टेस्टोस्टेरॉन, त्याच्या अंगात उभ्या जन्मात कधी फारसा नव्हताच. तरी त्यानं वर्षानुवर्षं औत ओढलं. ती ताकद रोजच्या ओढीतून आणि चाऱ्यातून आली होती. म्हणून “वयामुळं हार्मोन कमी झाला, तो भरून काढू” हा हिशेब खच्ची केलेल्या बैलाला लागूच पडत नाही. त्याचं जे गेलंय ते काम गेल्यामुळं, दात गेल्यामुळं आणि सांधे दुखत असल्यामुळं गेलंय.

अमेरिकेत खच्ची केलेल्या गोऱ्ह्यांच्या कानाच्या मागच्या बाजूला कातडीखाली हार्मोनच्या गोळ्या बसवतात हे कुणीतरी सांगेलच, म्हणून आधीच लिहितो. ते तरुण जनावराचं मांस लवकर वाढावं म्हणून, म्हाताऱ्यानं नांगर ओढावा म्हणून नाही. युरोपनं तर तो प्रकार १९८०च्या दशकातच बंद केला.

मग काय करायचं? जनावर बघितल्याशिवाय सांगता येत नाही, पण तुमच्या वर्णनावरून मी या गोष्टी तपासल्या असत्या. कडबा घोळवून टाकतोय म्हणजे दाढा झिजल्यात किंवा एखादी टोकदार होऊन गालात रुततेय. पाय थरथरतात म्हणजे मागचे सांधे आणि खुरं बघायची. काम बंद झालं की खुरं झिजत नाहीत, पुढं वाढून वाकतात आणि सगळा भार टाचेवर जातो. रक्ताचा थेंब काचेवर घेऊन गोचीडताप आणि सर्रा हे रक्तातले आजार तपासायचे. डोकं एका बाजूला कलतं का, एकाच नाकपुडीतून रक्ताळ पाणी येतं का हे बघायचं, आपल्याकडच्या म्हाताऱ्या बैलांत शिंगाचा कॅन्सर होतो. १९६२ला फोन लावा, फिरतं पथक येतं. नाहीतर उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे.

दुखण्यावर औषध लागलं तर मेलॉक्सिकॅम मागा. डायक्लोफेनॅक जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, ते टोचलेल्या जनावरांची मढी खाऊनच गिधाडं जवळपास संपली. किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक २०२३ मध्ये बंद झाले. तरी कुठं कुठं माणसांची बाटली फोडून जनावराला टोचतात. तसं होऊ देऊ नका.

गोदाकाठची

मूळ परभणीची, सध्या पुण्यात शरीरक्रियाशास्त्रात काम करते. प्रयोगशाळेतले उंदीर हा माझा रोजचा विषय, म्हणून मांजराकाठ यांच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहिते.

हार्मोन आणि हालचाल यांचा संबंध खरा आहे, आणि जुना आहे. १९२३ साली अमेरिकेत वांग नावाच्या संशोधकानं उंदरांच्या माद्यांच्या पिंजऱ्यात फिरतं चाक ठेवून त्या किती धावतात ते मोजलं. दर चार-पाच दिवसांनी मादी माजावर येते त्या रात्री ती इतर दिवसांच्या कितीतरी पट धावते. पुढं इतरांनी अंडाशय काढून बघितलं, तर धावणं खाली येतं. इस्ट्रोजेन टोचलं की परत वाढतं. नरांत अंड काढले की धावणं कमी, टेस्टोस्टेरॉन दिलं की पुन्हा बरंचसं पूर्ववत. २०२१ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटानं मेंदूतल्या ज्या पेशींवर इस्ट्रोजेन हे काम करतं त्या पेशीच दाखवून दिल्या. त्या चेतवल्या की सुस्त माद्याही फिरायला लागतात.

इथवर ऐकलं की दुकानदाराचं बरोबर वाटतं. पण यातले बहुतेक प्रयोग तरुण प्राण्यांवर आहेत. अंडाशय किंवा अंड काढून मुद्दाम कमतरता तयार केली, मग ती भरून काढली. म्हातारपण ही वेगळी अवस्था आहे. तिथं हार्मोन घटतो, पण त्याबरोबर स्नायूंचे तंतू गळालेले असतात, नसा कमी झालेल्या असतात, सांधे झिजलेले असतात, मेंदूतलं डोपामिन हे हालचालीला चालना देणारं रसायनही घटलेलं असतं. एक हार्मोन भरला म्हणून बाकीचं परत येत नाही.

म्हाताऱ्या प्राण्यांवरचा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रयोग २०१२चा आहे. २८ महिन्यांचे नर उंदीर घेतले. प्रयोगशाळेतल्या छोट्या उंदराला हे पिकलेलं वय. दोन महिने दोन्ही गटांना हलका व्यायाम दिला, त्यातल्या एका गटाला सोबत टेस्टोस्टेरॉन दिलं. हार्मोन मिळालेल्या गटाचे स्नायू वाढले, पंजाची पकड घट्ट झाली, आणि ते आपणहून जास्त हिंडायला लागले. म्हणजे हार्मोनचा उपयोग झाला, पण तो व्यायामाच्या जोडीनं. आणि हे नर खच्ची केलेले नव्हते, हेही लक्षात घ्या.

माणसांतही असंच दिसलंय. २०१६ मध्ये ६५ वर्षांवरच्या, टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या ७९० पुरुषांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभर हार्मोनचं मलम लावल्यावर कामेच्छेत फरक पडला, चालण्याच्या क्षमतेत म्हणावा तसा नाही.

ग्रोथ हार्मोनचं तर उलटंच. ज्या उंदरांत जन्मतः तो नाही ते बुटके राहतात आणि इतरांपेक्षा बरंच जास्त जगतात. ज्यांच्यात तो मुद्दाम वाढवला ते मोठे होतात आणि लवकर मरतात. कुत्र्यांतही लहान जाती मोठ्या जातींपेक्षा जास्त जगतात, आणि ग्रोथ हार्मोनच्या साखळीतल्या आयजीएफ-१च्या जनुकाचा त्यांच्या लहान आकाराशी संबंध २००७ मध्ये सापडला. म्हणून “जास्त हार्मोन म्हणजे जास्त तारुण्य” असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका.

अमृतवेल

हा मोह फार जुना आहे. ब्राऊन-सेकार नावाच्या नामांकित फ्रेंच शरीरशास्त्रज्ञानं १८८९ मध्ये, वयाच्या ७२व्या वर्षी, कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या अंडाचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तरुण झाल्याचं जाहीर केलं. जगभर तसे अर्क विकले गेले. तो अर्क पाण्यात काढलेला होता, आणि टेस्टोस्टेरॉन पाण्यात फारसं उतरतच नाही.

टापा

लोह्याजवळचा आहे. घरात तीन पिढ्यांपासून घोडी. माळेगावच्या यात्रेला आजोबा जायचे, वडील जायचे, आता मी जातो.

यात्रेत म्हातारी घोडी तरणी करून विकायचे धंदे चालतात. दात घासतात, भुवईवरचे खड्डे फुगवतात, आणि टोचून आणतात. अंगावर तकाकी दिसते, मान वर असते. घरी आणून महिना झाला की खरं वय दिसतं. घोडी बोलत नाही म्हणून तिचे हे हाल. मला याची फार चीड आहे.

विचारायचं एवढंच, की घोड्यांवर असा काही अभ्यास झालाय का? आमची एक घोडी बावीसच्या पुढं गेलीय. मी तिला रोज सकाळी फिरवतो. लोक म्हणतात, आता कशाला तिला दमवतोस, बसू दे.

गोदाकाठची

टापा भाऊ, झालाय, आणि नेमका तुमच्या प्रश्नावरच. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात मॅककीव्हर आणि मॅलिनोव्स्की यांनी म्हाताऱ्या घोड्यांना घोड्यांसाठीच बनवलेलं ग्रोथ हार्मोन बरेच दिवस दिलं. १९९८ मध्ये निष्कर्ष आला: ऑक्सिजन वापरायची क्षमता वाढली नाही, फिरत्या पट्ट्यावर पळण्याची कामगिरीही नाही. त्याच विद्यापीठात म्हाताऱ्या घोड्यांना पट्ट्यावर नियमित चालवून-पळवूनही बघितलं. तिथं क्षमता वाढली. तरण्या घोडीइतकी नाही, पण वाढली. तुमचं सकाळचं फिरवणं सोडू नका.

गोठाडॉक्टर

टापा, एक भर घालतो. घोडी म्हातारी झाल्यावर उन्हाळा आला तरी अंगावरचे लांब केस झडत नसतील, पाठीचं मांस उतरून पोट सुटलं असेल, पाणी आणि लघवी वाढली असेल, खूर वारंवार दुखत असतील, तर तपासून घ्या. मेंदूच्या तळाशी पिट्यूटरी ग्रंथी असते, तिच्यावरचा डोपामिनचा लगाम सुटतो आणि ती नको इतके हार्मोन सोडते. पर्गोलाइड नावाची गोळी त्यावर चालते. इथं हार्मोन कमी नसतो, जास्त असतो. म्हाताऱ्या मांजरांत थायरॉइड असाच जास्त होतो. मांजर खूप खातं तरी वाळतं, रात्रभर ओरडतं. अशा जनावराला “ताकदीचं” काही दिलं तर काय होईल विचार करा. म्हणून तपासणीशिवाय हार्मोन नाही, हे मी हट्टानं सांगतो.

बोरमाळ

मी छत्रपती संभाजीनगरहून. थोडी वेगळी बाजू मांडते, कारण आमच्या घरी हार्मोननंच कुत्री उभी राहिली.

आमची लॅब्रॅडोर, नाव मैना. नऊ वर्षांची असताना एकदम मंदावली. दारावरची घंटा वाजली तरी नुसती मान वर करायची. भर उन्हाळ्यात ओट्यावरच्या तापलेल्या फरशीवर जाऊन बसायची, सावलीत नाही. खाणं तेवढंच, वजन वाढत चाललं. शेपटीचे केस गळून ती उंदराच्या शेपटीसारखी दिसायला लागली, पोटाची कातडी काळी आणि जाड झाली. पहिल्या दवाखान्यात सांगितलं, वय झालं, वजन कमी करा, फिरवा. फिरवायला नेलं तर कोपऱ्यापर्यंत जाऊन बसायची. ओढून तरी किती नेणार?

दुसऱ्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ठोके मोजले, ते फार सावकाश पडत होते. मग रक्तात टी-४ (थायरॉइड ग्रंथीचा हार्मोन) आणि टीएसएच (त्या ग्रंथीला कामाला लावणारा हार्मोन) दोन्ही तपासले. पहिला कमी, दुसरा जास्त. म्हणजे थायरॉइड कमी पडत होता. तोच हार्मोन भरून काढणारी लेव्होथायरॉक्सिनची गोळी सुरू झाली, रिकाम्या पोटी, सकाळ-संध्याकाळ. पंधरवड्याच्या आतच तिनं पट्टा तोंडात धरून माझ्यापुढं आणून टाकला. केस यायला मात्र काही महिने गेले.

म्हणून “म्हातारपणी हार्मोन नकोच” असं सरसकट म्हणू नका अशी विनंती आहे. “वय झालं” हे उत्तर ऐकून आम्ही गप्प बसलो असतो तर मैना तशीच पडून राहिली असती.

गोठाडॉक्टर

बोरमाळ ताई, तुमच्या डॉक्टरांनी योग्य केलं, आणि मलाही हेच म्हणायचंय. कमतरता मोजली, कारण सापडलं, नेमकं तेच दिलं. दोन्ही तपासण्या केल्या हे फार बरं झालं. नुसता टी-४ कमी आला म्हणून गोळी सुरू करू नये. दुसऱ्या कुठल्याही मोठ्या आजारात, काही औषधांनीही, तो खाली जातो आणि थायरॉइड धडधाकट असतो.

कुत्रा म्हातारपणी मंदावला, पोट सुटलं, केस गेले, पण भूक आणि तहान राक्षसी वाढली असेल, तर थायरॉइडऐवजी कॉर्टिसॉल हा दुसरा हार्मोन जास्त झाल्याचा संशय घ्यायचा. त्याचा इलाज उलट्या दिशेचा आहे. वरवर दोन्ही कुत्री सारखीच सुस्त दिसतात.

बोरमाळ

धन्यवाद डॉक्टरसाहेब. मैनाच्या निमित्तानं वाचलेलं आणखी एक सांगते. अमेरिकेत डॉग एजिंग प्रोजेक्ट नावाचा मोठा उपक्रम चालू आहे. त्यांनी २०२२ मध्ये पंधरा हजारांवर कुत्र्यांची माहिती तपासली. म्हातारपणी कुत्रा भांबावतो, घरातच वाट चुकतो, रात्री जागतो. अजिबात हालचाल नसलेल्या कुत्र्यांत हा आजार असण्याची शक्यता खूप चपळ कुत्र्यांच्या तुलनेत साडेसहा पटींच्या आसपास दिसली.

गोदाकाठची

तो अभ्यास चांगला आहे, पण त्यात मालकांनी एका वेळी दिलेली माहिती होती. भांबावलेला कुत्रा त्यामुळंच कमी फिरत असेल, असंही असू शकतं. मला बीगल कुत्र्यांवरचा २००५चा प्रयोग अधिक पक्का वाटतो. म्हाताऱ्या बीगलना काही गटांत वाटून, कुणाला खास आहार, कुणाला दुसऱ्या कुत्र्याची सोबत, फिरणं आणि खेळ, कुणाला दोन्ही दिलं. दोन्ही मिळालेले कुत्रे शिकण्याच्या चाचण्यांत सगळ्यांत पुढं राहिले. तिथं कुणाला काय मिळेल हे संशोधकांनी ठरवलं होतं, म्हणून निष्कर्षाला वजन आहे.

वसमतकर

विषयाला थोडं सोडून. आमची मराठवाडी म्हैस सात वेत झालेली, पान्हा सोडत नाही. गवळी म्हणतो ऑक्सिटोसिन मारू रोज. द्यावं का?

गोठाडॉक्टर

नाही. दुधासाठी जनावराला अपाय होईल असं काहीही टोचणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे. रोज टोचलं की म्हशीला त्याशिवाय पान्हा फुटेनासा होतो, हा तोटा वेगळाच. कास गरम आहे का, सडाला जखम आहे का, धार काढणारा माणूस बदललाय का, हे आधी बघा. सविस्तर हवं असेल तर वेगळा धागा काढा.

मांजराकाठ

मंडळी, सगळ्यांचे आभार. हे सगळं अण्णांना वाचून दाखवलं. घोड्यांचं ऐकून त्यांनी दोनदा विचारलं, “खरंच मोजून बघितलं का त्यांनी?”

१९६२ला फोन केला, डॉक्टर आले. तोंड उघडं ठेवायला आ लावून हात घातला तर वरची एक दाढ बाहेरच्या बाजूला टोकदार झालेली आणि आतल्या गालाला जखम. ती घासून काढली. मागची दोन्ही खुरं बोटबोट वाढलेली, ती कापली. कापताना डाव्या खुराच्या फटीत रुतलेला काटा निघाला, आजूबाजूला काळं पडलं होतं. मागच्या सांध्यांत संधिवात आहे म्हणाले, तो पूर्ण जाणार नाही. रक्तात गोचीडताप नाही. दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅम थोडे दिवस. दुकानदाराच्या इंजेक्शनबद्दल विचारलं तर तुमच्यासारखंच बोलले.

कडब्याची आता बारीक कुट्टी करून, रात्री भिजवून देतोय, वर तुरीची चुनी, थोडी सरकी पेंड आणि खनिज मिश्रण. खाणं सुधारलंय, गव्हाणीत काही उरत नाही. बसायच्या जागी शहाबादी फरशी होती, ती काढून मुरूम टाकला. फरशीवर त्याचे पाय घसरायचे हे अण्णांच्याच लक्षात आलं. उठताना अजून थरथरतो, पण आता एका झटक्यात उठतो.

आता प्रश्न चालवायचा. अण्णांना वाटतं, संधिवात असेल तर चालवून आणखी दुखंल. आणि रिकामी गाडी जुंपून बघावी का?

बालाघाट

दादा, वाचून लई बरं वाटलं. अण्णांना सांगा, काटा निघाला हेच मोठं काम झालं.

गोठाडॉक्टर

खुरातली जखम भरेपर्यंत चालवणं पुढं ढकला, जागा कोरडी ठेवा. गाडी नको, रिकामीसुद्धा नको. एकट्या बैलाच्या मानेवर जू तिरकं बसतं आणि सगळा ताण मागच्या त्याच सांध्यांवर जातो.

संधिवाताला एका जागी बसणं जास्त बाधतं. सांधा हलला की त्यातलं वंगण फिरतं, आजूबाजूचे स्नायू टिकतात आणि तेच सांध्याला धरून ठेवतात. सुरुवात आखाड्यापासून विहिरीपर्यंत आणि परत, एवढीच. कासरा सैल, वेग त्याचा. सकाळी एकदा, ऊन उतरल्यावर एकदा. काळ्या रानात ओल असेल तर तिकडं नेऊ नका, पाय चिखलात रुतून सांध्याला पीळ बसतो. धुऱ्यावरची कडक पण दगड नसलेली वाट बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना जास्त लंगडला तर अंतर निम्मं करा, नाही लंगडला तर आठवड्यानं थोडं वाढवा. उन्हाळ्यात पहाटेच.

आणि आखाड्यावर दुसरं एखादं जनावर असेल, कालवड असली तरी चालेल, तर तिला पुढं चालवा. जोडीदार गेल्यावर एकटा पडलेला बैल माणसाच्या ओढीनं जितका चालत नाही तितका दुसऱ्या जनावरामागं चालतो.

दिवसातला बराच वेळ बसून राहिला तर घाबरू नका. धडधाकट गायही दिवसात दहा-बारा तास बसते. बसल्यावर रवंथ करतोय का ते बघा. रवंथ थांबला तर मात्र त्याच दिवशी फोन करा.

मांजराकाठ

शेजाऱ्याची कालवड रोज आमच्याच विहिरीवर पाण्याला येते. त्यांना विचारतो. अण्णा म्हणायलेत, सकाळी न्यायचं काम त्यांचंच, दुसऱ्या कुणाच्या हातात कासरा द्यायचा नाही. जखम भरली की डॉक्टरांना दाखवून सुरू करू आणि इथंच लिहीन.